टँकरचं डोकं

हणमंत शेलार बायकोवर जळत होता. हे आधीच सांगून टाकतो, उगाच लपवाछपवी कशाला? तिच्याकडे कुणी बघतं, ती कुणाशी हसून बोलते, असला काही प्रकार नव्हता. तसं असतं तर पाटणच्या चौकात चार माणसांनी त्याला समजून तरी घेतलं असतं. हा गडी जळत होता तो बायकोच्या उजव्या पायावर, आणि असलं दुखणं सांगायचं कुणाला?

दोघांचा मिळून एक दुधाचा टँकर होता. कराडच्या दूध संघातून दूध भरायचं, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा आणि चिपळूणला रिकामं करून माघारी यायचं. एक दिवस हणमंत चालवायचा, एक दिवस सारिका. ती गेली की तो घराशेजारच्या शेडमध्ये लोकांच्या गाड्यांची कामं करायचा. तिला स्टिअरिंग धरायला त्यानंच शिकवलं होतं, आठ वर्षांपूर्वी, जुना ड्रायव्हर काम सोडून गेला तेव्हा. क्लच सोडताना तिचे पाय कसे लटलट कापायचे, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला अजून सांगायचा. हल्ली जरा जास्तच सांगायचा.

आता ही पायाची भानगड कळायची तर टँकरचं डोकं कळायला हवं. गाडीत एक इलेक्ट्रॉनिक कंट्रोल मॉड्यूल असतं, वहीएवढी ॲल्युमिनियमची बंद पेटी. ड्रायव्हर लोक तिला सरळ डोकं म्हणतात. आपल्या वडिलांच्या वेळची डोकी साधी होती. इंजिन किती तापलं, हवा किती आली, हे सेन्सरांकडून ऐकायचं आणि इंधन किती सोडायचं ते ठरवायचं, संपलं काम. इथेनॉलवर चालणाऱ्या या नव्या टँकरांची डोकी मात्र शिकतात. ड्रायव्हर पाय कधी दाबतो, किती दाबतो, त्या वेळी उतार किती, माल किती, रस्ता ओला की कोरडा, हे सेकंदाला दोनशे वेळा टिपत राहतात. दोनेक वर्षांत त्या डोक्याला ड्रायव्हरची इतकी सवय होते की पाय पेडलला टेकायच्या आधीच ते गिअर उतरवून, ब्रेकमध्ये हवा भरून तयार असतं. सीटवरचं वजन आणि स्टिअरिंगवरची पकड यांवरून आज कोण बसलंय तेही त्याला कळतं. आणि फेरी संपली की ते पडद्यावर एक आकडा दाखवतं, त्याला जुळणी म्हणतात. त्या उताराला, त्या मालाला जसा पाय पडायला हवा होता, तसा तो शंभरात किती पडला, याचा तो आकडा.

सारिकाची जुळणी एक्याण्णव होती. हणमंतची सदुसष्ट.

फरक कशात होता, तेही सांगतो. दुधाची टाकी आतून सलग गुळगुळीत असते. पेट्रोलच्या टँकरसारख्या आडव्या भिंती तिच्यात घालत नाहीत, कारण कोपऱ्यात दूध अडकलं की नासतं. त्यामुळं उतारावर ब्रेक दाबला की सगळं दूध एकदम पुढं धावतं आणि केबिनला मागून ढुशी देतं. हणमंत दणकट माणूस, तो ब्रेक असा दाबायचा की त्या दुधालाही धाक बसावा. सारिका लहानपणी सायकलला किटल्या लावून डेअरीवर दूध घालायला जायची, लाट तिच्या अंगात मुरलेली. ती आधी हलकेच दाबायची, लाट पुढं येऊन माघारी फिरेपर्यंत पाय सैल सोडायची, मग उरलेलं दाबायची. असा दोन दमांचा तिचा ब्रेक. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, निदान हणमंतनं तरी नाही, आणि त्याच्या पोटात दुखायचं ते नेमकं इथं.

सुरुवातीला त्याला कौतुक वाटलं होतं, खोटं कशाला बोला. मग लोक बोलायला लागले. वहिनी आल्या की दूध फेसाळत नाही, असं संघाचा सुपरवायझर त्याच्या तोंडावर म्हणाला. एकदा त्यानं गुपचूप तिच्यासारखा दोन दमांत ब्रेक मारून बघितला. लाट कधी फिरते ते त्याला कळेना, आणि त्या दिवशी आकडा बासष्टवर आला. त्यानं पडद्यावर फडकं टाकलं आणि घरी येऊन, सीट पुढं ओढून ठेवतेस, माझे गुडघे आपटतात, म्हणून तिच्याशी भांडण काढलं.

त्यात कंपनीची मेल आली. टँकर बनवणाऱ्या कंपनीला घाटासाठी एक मास्टर पाय हवा होता. म्हणजे राज्यातल्या एका ड्रायव्हरची शिकवण निवडायची आणि घाटातल्या सगळ्या टँकरांच्या डोक्यांत ती घालायची, म्हणजे नवख्या ड्रायव्हरच्या पायाखालीही एक जाणता पाय राहील. ज्याची निवड होईल त्यानं सहा महिने पुण्याजवळच्या चाचणी केंद्रात जायचं. सारिका पहिल्या वीसांत आली, मग सातांत आली. तिनं भाकरी थापता थापता हे सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते. हणमंत म्हणाला, छान आहे की. आणि लगेच म्हणाला, भाकरी करपलीय. भाकरी काही करपलेली नव्हती.

खंडेनवमीला त्यांनी टँकर धुतला, झेंडूच्या माळा घातल्या. सारिकानं बॉनेट उघडून खुद्द डोक्याला हळदकुंकू लावलं. यंदा त्याच्यामुळं तिचं नाव झालं होतं ना. नारळ फोडला आणि त्याचं पाणी मोठ्या मायेनं त्या पेटीवर शिंपडलं. हणमंत मेकॅनिक माणूस, त्यानं तिथंच तिचा हात धरायला हवा होता. पण पूजेत कुणी बोलतं का? शिवाय दर वर्षी त्याची आईही असंच करायची.

पंधरा दिवसांनी घाटात टँकर लंगडायला लागला. मधेच लाल दिवा लागायचा, वेग ताशी वीसवर यायचा, गिअर अडकून बसायचा आणि दहा मिनिटांनी सगळं पूर्ववत. एक दिवस सारिकाला हा अनुभव आला, दुसऱ्या दिवशी हणमंतला. तिसऱ्या दिवशी ती बहिणीकडं कराडला गेली आणि हा शेडमध्ये गाडीखाली शिरला.

कंपनीचं सर्टिफिकेट असलेले मॉड्यूल मेकॅनिक सगळ्या तालुक्यात तीन, त्यातला हणमंत एक. डोकं काढायचा, बसवायचा आणि ते बाद ठरवायचा अधिकार त्याला होता. या एका बाबतीत सारिका त्याच्या पुढं नव्हती. आणि माणूस कामात पक्का होता. डोक्याला बॅटरीतून जेवढी वीज येते, तेवढीच ती अर्थिंगच्या वायरनं गाडीच्या सांगाड्यात परत जावी लागते. वायर जिथं बोल्टनं आवळलेली असते तिथं गंज धरला की विजेची वाट अडते, आणि चांगलं डोकंही ताप चढल्यासारखं बरळायला लागतं. कच्चा मेकॅनिक अशा वेळी डोक्यालाच दोष देतो. हणमंतनं आधी मीटर लावला. अर्थिंगच्या वाटेवर जिथं विजेचा दाब गळायला नको होता, तिथं दीड व्होल्ट गळत होता. बोल्ट काढला तर खाली हिरवट पापुद्रा. नारळाच्या पाण्यातल्या क्षारांनी तांब्याची वायर खाल्ली होती.

त्यानं पॉलिश पेपरनं जागा घासली, नवा बोल्ट आवळला, वर व्हॅसलीन लावलं. इंजिन चालू केलं. लाल दिवा गेला, डोकं शहाण्यासारखं वागायला लागलं. वीस मिनिटांचं काम. हात पुसत तो पडदा बघायला केबिनमध्ये चढला आणि त्याच वेळी पडद्यावर अक्षरं उमटली. सारिका शेलार यांचं अभिनंदन, शेवटच्या दोघांत निवड, मॉड्यूल पुढच्या सोमवारी वाचण्यात येईल.

हणमंतनं ते दोनदा वाचलं. त्याला वाटलं, उद्या आंबोलीत, माळशेजला, बायकोचा पाय सगळीकडं चालणार आणि आपण काय, तिला क्लच सोडायला शिकवणारा माणूस! तो खाली उतरला. चार बोल्ट, दोन कनेक्टर. त्यानं डोकं काढून बाकावर ठेवलं.

शिकलेलं सगळं त्या पेटीतच असतं. ड्रायव्हरांच्या संघटनांनी भांडून तसा नियम करून घेतला होता, की कुणाचा पाय कुणी न विचारता उचलून नेऊ नये. आणि कंपनीचाही एक नियम होता, की डोकं बिघडलेलं ठरलं तर त्याची शिकवण बाद, आजारी डोक्यात काय भरलंय याचा भरवसा नाही म्हणून. हणमंतला दोन्ही नियम पाठ होते. त्यानं फॉर्मवर ‘मॉड्यूलमध्ये दोष’ असं लिहिलं, पेटी कुरिअरला दिली आणि कराडहून नवं कोरं डोकं मागवलं.

संध्याकाळी सारिका घरी आली ती फोनवरचा तो मेसेज वाचत, हसतच. त्यानं सांगितलं, डोकं गेलं, बदलावं लागलं.

“कशानं गेलं?” तिनं विचारलं.

“पाणी गेलं आत. नारळाचं.”

ती ओट्याशी उभी होती, तिथंच खाली बसली. माझ्यामुळं गेलं का, असं तिनं विचारलं. हणमंतनं नळ सोडला आणि हात धूत राहिला.

पुढं काय झालं, ते हणमंतच्या मनासारखंच झालं. कोरं डोकं, पाटी कोरी. पहिले तीन आठवडे त्यानंच रोज टँकर नेला, म्हणजे डोकं पहिल्यांदा त्याचा पाय शिकेल. सारिका हरकत घेईना. त्याची जुळणी साठ झाली, पासष्ट झाली, सत्तर झाली. मग सारिका चालवायला बसली, शेजारी हणमंत, आणि फेरीअखेर पडद्यावर आला त्रेपन्न. बाई घाबरून चालवत होती. दूध मागून ढुशा देत होतं आणि ती एकाच दमात ब्रेक दाबून टाकत होती. आपल्या हातून डोकं मेलं हे मनात बसलेलं, स्वतःच्या पायावर तिचाच विश्वास राहिला नव्हता. दुसऱ्या फेरीला एक्कावन्न. तिसऱ्या वेळी तिनं किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, तुम्हीच जा.

आठ दिवस हणमंत खूश होता, अगदी शीळ घालत गाडी धुवायचा. नवव्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की घरात कुणी बोलत नाही. सारिका जेवायला वाढायची, कपडे वाळत घालायची आणि टँकर अंगणात आला की आत निघून जायची. त्यानं मुद्दाम सीटवरून भांडण काढलं, तर तिनं सॉरी म्हटलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, ती कधी सॉरी म्हणाली नव्हती. हणमंतला ते भाजल्यासारखं लागलं.

मग एके दिवशी सकाळी कंपनीची इंजिनिअर आली, निलोफर मुजावर म्हणून. मूळची सांगलीची, तिशीची, बोलायला सरळ. तिच्या हातात तेच जुनं डोकं होतं. सारिकानं चहा टाकला. निलोफरनं डोकं बाकावर ठेवलं आणि सांगितलं की प्रयोगशाळेत ते बहात्तर तास अखंड चालवलं, तापवलं, थंड केलं, हादरे दिले, एकदाही चुकलं नाही. आतला दोष कधीकधी लपून बसतो, म्हणून यंत्रावर शंभर टक्के विसंबता येत नाही. ज्यानं गाडीवर तपासलं त्याची लेखी साक्ष लागते, आणि तोवर निवड थांबवून ठेवलीय. दोष पेटीत होता असं त्यानं म्हटलं, तर चार वर्षांची शिकवण पुसून पेटी भंगारात जाईल आणि मास्टर पाय दुसऱ्या उमेदवाराचा. दोष बाहेर वायरीत होता असं म्हटलं, तर शिकवण शुद्ध, आणि सारिकाताईंचे आकडे त्या उमेदवाराच्या पुढं आहेत.

“पण हणमंतदादा, एक सांगणं माझ्यावर बंधनकारक आहे,” निलोफर म्हणाली. “चांगलं मॉड्यूल बाद ठरवलं असेल तर सर्टिफिकेट रद्द होतं. परत मिळत नाही.”

हणमंतला एक शब्द बोलायचा होता, तोही आधी लिहून झालेला. साक्षीदार कुणी नव्हतं. बोल्ट त्यानंच घासला होता, मीटर त्यानंच लावला होता.

तो बोलायच्या आत सारिका चहा घेऊन बाहेर आली. ती म्हणाली, यांना कशाला विचारता, चूक माझी आहे. पूजेच्या दिवशी मीच पेटीवर पाणी घातलं, यांनी मला तेव्हाच सांगितलंय. द्या तो कागद, मी सही करते. तिनं पेन उघडलं आणि ‘माझ्या हलगर्जीपणामुळे’ असं अगदी सुवाच्य अक्षरात लिहायला सुरुवात केली.

हणमंत ते अक्षर बघत राहिला. सत्तर आकडा झाला होता त्याचा, तो पुढं होता, आणि मागं कुणी उरलंच नव्हतं. ज्या पायावर तो दोन वर्षं जळला तो पाय त्याच्या डोळ्यांदेखत ही बाई स्वतःच्या हातानं भंगारात घालत होती. आणि त्याला कळेना, की आता आपण जळायचं तरी कुणावर.

“सही करू नकोस,” तो म्हणाला. “डोक्यात काही नव्हतं. अर्थिंग खराब होतं. मी साफ केलं, गाडी ठणठणीत झाली. त्याच्यानंतर डोकं काढलं.”

निलोफरनं कप खाली ठेवला. का काढलं, असं तिनं विचारलं.

“मला बघवलं नाही. ही शेवटच्या दोघांत आलेली मला बघवलं नाही.”

निलोफरनं नवा फॉर्म काढला, त्याचं म्हणणं उतरवून घेतलं, सही घेतली आणि भिंतीवरच्या चौकटीतलं सर्टिफिकेट मागितलं. हणमंतनं ते स्वतःच खाली काढून दिलं. सारिकानं आपला अर्धा लिहिलेला कागद नीट घडी घालून कमरेला खोचला आणि निलोफरला जेवून जाण्याचा आग्रह केला. निलोफर थांबली नाही.

निलोफरची गाडी गेल्यावर सारिका शेडच्या उंबऱ्यावर बसली. हणमंतला वाटलं आता ही ओरडेल, ताट फेकेल, आणि खरं तर त्याला ते हवं होतं.

“तुम्ही जळता ते मला दोन वर्षं दिसत होतं,” ती म्हणाली. “मी गप्प बसले. म्हटलं, पुरुषमाणूस आहे, आपोआप निवेल. त्याचं मला काही नाही. पण तुम्ही मला सांगितलंत की मीच मारलं. महिना झाला, ब्रेकवर पाय ठेवायचं नुसतं मनात आलं तरी मला वाटतंय, आता आपल्या हातून माणसं मरणार. हे तुम्हाला दिसत होतं. शेजारी बसून बघत होतात.”

हणमंत हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

ती पंधरा दिवस कामापुरतं बोलली. सोळाव्या दिवशी निवडीची मेल आली, आणि दोन बॅगा घेऊन ती पुण्याच्या एसटीत बसली. तो स्टँडवर पोचवायला गेला होता. खिडकीतून तिनं टँकरच्या टायरातली हवा बघायला सांगितलं, बाकी काही नाही.

हणमंत एकटाच टँकर न्यायला लागला. शेड बंद. मॉड्यूलचं काही काम निघालं की तो कराडला, आपल्याहून दहा वर्षांनी लहान मेकॅनिकसमोर ओळीत उभा राहायचा. तीन महिन्यांनी टँकरच्या पडद्यावर प्रश्न आला, घाटासाठी नवा पाय बसवायचा का? त्यानं नाही दाबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रश्न, पुन्हा नाही. असं अकरा दिवस चाललं. संघातल्या बाकीच्या टँकरवाल्यांनी तो कधीच बसवला होता आणि ते घाटात त्याला हॉर्न देऊन पुढं जात होते. बाराव्या दिवशी घाटमाथ्यावर चहा पिऊन तो केबिनमध्ये चढला आणि हो दाबलं.

पहिलं वळण आलं. त्याचा पाय पेडलवर टेकायच्या आत टँकर हलकेच आवरला गेला. मग ब्रेक सैल झाला. मागं टाकीत दूध पुढं आलं, थबकलं, माघारी वळलं, आणि तेव्हा कुठं उरलेला ब्रेक लागला. ढुशी नाही, धक्का नाही. दुसऱ्या वळणाला तसंच. सारिका शेजारी बसून चालवतेय, असं काहीबाही त्याला वाटलं नाही, तो तसा माणूसच नव्हे. त्याला वाटलं ते एवढंच, की हे मला का जमत नाही? घशाशी तीच जुनी जळजळ आली, ताजीच्या ताजी. पण चौथ्या वळणावर त्यानं पाय उचलून बाजूला ठेवला आणि घाट संपेपर्यंत तिचा पाय काय करतो ते नीट बघितलं. लाट केव्हा फिरते ते पायथ्याच्या पोफळी गावाच्या जरा वर त्याला पहिल्यांदा कळलं.

चिपळूणला टाकी रिकामी होत होती तेव्हा त्यानं फोन लावला. तिनं दुसऱ्या रिंगला उचलला. पाय बसवला, असं त्यानं सांगितलं. कसा आहे, तिनं विचारलं. चांगला आहे, तो म्हणाला, आणि मग बोलला, “अजून जळतो मी. खरं सांगतो. आज सगळा घाट जळत उतरलो.”

पलीकडं चाचणी केंद्राच्या मैदानावरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

“जळायचं तेवढं जळा,” सारिका म्हणाली. “फक्त वायरींना हात लावू नका.”

मग तिनं, जेवलात का, म्हणून विचारलं.